हमी खात्यातली एक ओळ

रामहरी मुनीमाला दोनच गोष्टींचं वेड होतं. एक वरणावरच्या हिंगाच्या फोडणीचं आणि दुसरं पूर्ण बंद झालेल्या वहीचं. पहिल्या वेडानं कुणाचं काही बिघडलं नाही. ही गोष्ट दुसऱ्याची आहे.

अंबाजोगाईत, म्हणजे निजाम सरकारच्या कागदांत ज्याला मोमिनाबाद लिहीत तिथं, आप्पारावांची पेढी होती. तेव्हा आपल्या मुलखात ऊस गाळायला बहुतेक ठिकाणी लाकडी चरक असत. आप्पारावांनी बार्शीहून, इंग्रजी हद्दीतून, लोखंडी चरक आणून विकायला सुरुवात केली. तीन लाटांचा चरक. मधली थोरली लाट म्हणजे नवरा, बाजूच्या दोघी नवऱ्या. बैल गोल फिरले की नवरा फिरे, त्याच्या दात्यांनी नवऱ्या फिरत, आणि मधे सापडलेल्या उसाची काही खैर नसे. रस लाकडीपेक्षा सव्वापट निघे. भीती एकाच गोष्टीची होती. ओतीव लोखंडाचा नवरा कधीमधी उभा चिरे, आणि एकदा चिरला की गावच्या लोहाराच्या हातात काही राहत नसे.

म्हणून आप्पारावांनी हमी काढली. तीन गुऱ्हाळं, म्हणजे गूळ करायचे तीन हंगाम. तेवढ्यात नवरा चिरला तर पेढी त्याच दिवशी दुसरा देणार, फुकट. त्यासाठी कोठारात एखादा जादा नवरा कायम ठेवलेला असे. हमीचा कागद नव्हता. गिऱ्हाइकाच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायचा आणि शब्द बोलायचा, एवढंच. बेलभंडारा हातात दिला की त्यापुढं कोर्टकचेरीची गरज कुणाला वाटत नसे.

आप्पाराव शिकलेले नव्हते, पण हिशेबात भलते हट्टी. “रामहरी, गाडीवर चरक चढला म्हंजी इकला न्हाई,” ते म्हणत. “ज्या दिशी त्येच्यातून गूळ निगंल त्या दिशी इकला. तवर पैसे आले तरी आपले न्हाईत.” त्यामुळं गिऱ्हाइकानं पहिल्या कढईची पहिली भेली, गुळाचा तो ओंजळभर गोळा, पेढीवर पाठवायची असा रिवाजच पडला. भेली आली की रामहरी विक्री जमा धरी. शिवाय दर चरकामागं बारा हाली रुपये, म्हणजे निजामी नाण्यातले, हमी खात्यात बाजूला काढून ठेवी. हमीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ होती. दर हंगामाची भेली आली की त्या ओळीवर हळदीच्या बोटानं एक टिकली. तीन टिकल्या होऊन तो हंगाम उरकला की हमी संपली, बारा रुपये नफ्यात आले, ओळीखाली रेघ मारली. कोठारातला मालसुद्धा घेतल्या भावानं न धरता, बाजार उतरला असेल तर उतरल्या भावानं धरायचा.

सुरुवातीला रामहरी या सगळ्यावर फार कुरकुरला. पण पाच-सात वर्षांत ते नियम आपणच काढले असं तो चारचौघांत सांगू लागला. माणसाचं असंच असतं, त्याला आपण तरी काय करणार.

या पेढीचं शेवटचं गिऱ्हाईक बायनाबाई. धारूरच्या घाटाखालची, चाळिशीची विधवा. विहिरीवर तीन बिघे ऊस होता. शेजारचा चार बिघे दीर म्हाळूचा. म्हाळू लाकडी चरकवाल्याच्या मागं लागून दरवर्षी थकायचा, आणि तरीही बाईमाणसानं चरक घ्यायचा म्हटल्यावर तोच पहिला हसला. बायनाबाईनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. कार्तिकात ती गाडी जुंपून दीड दिवसाची वाट चालत अंबाजोगाईला आली, लुगड्याच्या ओच्यातून रुपये काढले आणि बसल्या जागी मोजून दिले.

त्या वेळी आप्पाराव आजारी होते. शेवटचंच दुखणं ते. रामहरी म्हणाला, “पैसे घेतो, चरक न्या. बेलभंडारा मात्र मालक उठून बसले की देतील. आठ दिवसांनी या.”

“कावून?” बायनाबाई म्हणाली. “तुमी हायेत की. आमच्या तिकडं लोक पेढीचं नाव घेत न्हाईत, मुनीमजीचं घेत्यात. तुमीच द्या.”

रामहरीला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं हात धुतले, देवळीतलं बेलाचं पान घेतलं, तिच्या तळहातावर भंडारा ठेवला आणि बोलला, “तीन गुऱ्हाळं. नवरा चिरला तर त्याच दिवशी दुसरा.” तिनं मूठ मिटून कपाळाला लावली. तो शब्द पेढीचा होता हे खरं, पण निघाला होता रामहरीच्या तोंडून.

त्या हिवाळ्यात तिची पहिली भेली आली. वहीत पहिली टिकली पडली. महिन्याभरात आप्पाराव गेले. पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, विहिरी तळाला गेल्या, बालाघाटाच्या अंगाला कुठं उसाचं कांडं उभं राहिलं नाही. त्या साली बायनाबाईचा चरक गोणपाटात गुंडाळून गोठ्यात पडून राहिला. त्याच्या पुढच्या साली दुसरी भेली आली, दुसरी टिकली पडली. म्हणजे वर्षं तीन झाली, गुऱ्हाळं दोन. हे रामहरीला माहीत होतं. माझी गोष्ट इथंच अडते. त्याला माहीत होतं.

पेढी आता आप्पारावांच्या मुलाकडं, अर्जुनरावांकडं आली होती. माणूस चांगला. रामहरीच्याच मांडीवर बसून बाराखडी शिकलेला, त्यामुळं त्याला काका म्हणे. चरकात आता राम राहिला नव्हता. बार्शीचे व्यापारी गावोगाव फिरून थेट विकू लागले होते. अर्जुनरावांनी कापसाची जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, घालायचं ठरवलं आणि बार्शीचे भागीदार गाठले. दिवाळीनंतर भागीदारांचा कारकून बबनराव वह्या बघायला येणार होता.

“काका,” अर्जुनराव म्हणाले, “चरकाचा धंदा या दिवाळीला बंद करू. बंद धंद्याचं खातं येगळं काढा, चालू धंद्यात मिसळू नका, न्हाईतर भागीदारांना वाटंल आपन भुलवतोय. ज्याची हमी सरली त्येचे पैसे नफ्यात घ्या. ज्याची सरली न्हाई त्येचे तसेच ऱ्हाऊ द्या. आणि कोठारात काय उरलंय ते मोडीत काढा.”

इतकं सरळ बोलणं. मालकानं खोटं कर म्हटलं असतं तर निदान दोष वाटून घ्यायला कुणी तरी मिळालं असतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी रामहरी हमीची वही घेऊन बसला. सदतीस ओळी. छत्तीस ओळींवर तीन तीन टिकल्या आणि खाली रेघ. सदतिसावी बायनाबाईची, दोन टिकल्यांची, उघडी. त्या एका ओळीपायी हमी खातं बंद होईना. हमी खातं बंद होईना म्हणून चरकाचं खातं बंद होईना. कोठारात एकच नवरा उरला होता, तोही मोडीत काढता येईना. रामहरीनं वहीची पानं पुढंमागं केली. तीस वर्षांच्या नोकरीत बाहेरचा माणूस त्याची वही पहिल्यांदा बघणार होता, आणि बघणार तीही अशी, एका जागी फाटक्या सदऱ्यासारखी.

मग मन कसं काम करतं बघा. त्याला आधी वाटलं, तीन सालं तर झाली. मग वाटलं, मधल्या साली तिनं थोडाफार ऊस गाळलाही असेल, विहीर खोल आहे तिची. मग वाटलं, भेली पाठवायची राहिली असेल. बायनाबाई आणि भेली पाठवायची राहील! जिनं चरक घ्यायच्या आधी पहिल्या भेलीला कुठलं फडकं गुंडाळायचं हे विचारून घेतलं होतं, ती. पण पूजेची हळद कालवलेली वाटी शेजारीच होती आणि बोट ओलं होतं. रामहरीनं तिसरी टिकली लावली. खाली रेघ मारली. बारा रुपये नफ्यात घेतले. हात पुसले. त्याला हायसं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. खातं बंद झाल्याचा तो आनंद त्याला अगदी खराखुरा झाला.

दुसऱ्या दिवशी धारूरचा मोडवाला आश्रुबा आला, कोठारातला नवरा तराजूला लावला आणि वजनाच्या भावानं घेऊन गेला.

बबनराव आला, चार दिवस वह्या चाळल्या, आणि अर्जुनरावांच्या देखत म्हणाला, “मुनीमजी, बार्शीत एवढ्या पेढ्या पाहिल्या, पण अशी वही न्हाई पाहिली. कुठं बोट ठेवायला जागा न्हाई.” रामहरी त्या दिवशी जेवताना दोनदा भात मागून घेऊन जेवला.

पौषात बायनाबाईची गाडी पेढीसमोर थांबली. बबनराव जिनेच्या कामाला तिथंच मुक्कामी होता. अर्जुनराव आणि तो बैठकीत बसलेले, रामहरी आपल्या मेजाशी. बाई आत आली. हातात फडक्यात बांधलेली भेली. ती तिनं आधी मेजावर ठेवली.

“तिसऱ्या गुऱ्हाळाची पैली भेली, मुनीमजी. टिकली लावा,” ती म्हणाली. मग पदर सावरून पुढं बोलली, “आन् नवरा चिरला. परवाच्या दिशी. वरपासून खालपतुर. गाडीत घालून आनलाय, बघा. लई झालं तर सांजपतुर निगायला पायजे. गुळव्या बसलाय, त्यो पाच दिस थांबतो म्हनलाय, मग दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जानार. माझे तीन बिघे हायत आन् म्हाळूभाऊजींचे चार, त्येबी औंदा याच चरकावर गाळायचे. त्यांना मी म्हनलंय, पेढीवर गेलं की नवरा मिळतो.”

अर्जुनराव उठून उभे राहिले. “काका, बाईची हमी शिल्लक हाय का?”

रामहरीनं उत्तर द्यायच्या आधी बबनरावाकडं पाहिलं. बबनराव नुसता पान जुळवत होता, त्याचं इकडं लक्षसुद्धा नव्हतं. तरीही रामहरीला त्याचंच तोंड दिसलं. कुठं बोट ठेवायला जागा न्हाई. तोच माणूस, तीच वही.

“मुदत संपली,” रामहरी म्हणाला. “वहीत तीन टिकल्या आहेत.”

“तीन?” बायनाबाईला कळेना. “तिसरी तर ही, आताची. मदल्या साली कुटं ऊस व्हता, मुनीमजी? तुमीच त्या साली मला बाजारात भेटल्यावर थट्टेनं म्हनलावता, पुढच्या साली भेली दोन आना म्हनून.”

हेही खरं होतं. रामहरीनं वही काढून उघडली आणि तिच्याकडं फिरवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण टिकल्या मोजता येत होत्या. तिनं बोट लावून मोजल्या. एक, दोन, तीन. मग पुन्हा मोजल्या. ती वहीकडं इतका वेळ बघत राहिली की रामहरीला वाटलं, आता ओरडेल, आता शाप देईल. तिनं तसलं काही केलं नाही.

“तुमचाच बेलभंडारा व्हता,” एवढंच ती म्हणाली.

अर्जुनराव कळवळले. “बाई, हमी सरली तरी मी सोडत न्हाई तुमाला. बार्शीहून मागवतो, खरेदीच्या भावात देतो. बारा-पंधरा दिस लागतील.”

“पंधरा दिसानं नवरा घेऊन काय करू, मालक? तोडलेला ऊस तोवर वाळंल आन् गुळव्या जाईल.” ती उठली. रामहरीनं गडबडीनं भेली तिच्यापुढं केली. तिनं हात मागं घेतला. “ऱ्हाऊ द्या. पैल्या कढईची हाय, ती परत न्हेत न्हाईत.”

गाडी गेल्यावर अर्जुनराव बराच वेळ अस्वस्थ होते. “एक नवरा ठेवायला पायजे व्हता काका, कोठारात,” ते म्हणाले. बबनराव पान चघळत बोलला, “बारा रुपयांची एखादी ओळ उघडी ठिवली असती तर काय बिगडत व्हतं? आमच्याकडं धंदा बंद झाला तरी धा-धा ओळी चालत्यात सालभर. त्यात काय!”

रामहरीनं वही मिटली. ज्याच्यासाठी केलं, त्याला त्या ओळीची दिडकीची किंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामहरी धारूरला गेला. किल्ल्याच्या वाटेला आश्रुबाचं दुकान होतं. “तो नवरा आहे का?” त्यानं दारातूनच विचारलं. आश्रुबानं कोपऱ्याकडं बोट केलं. घणाचे घाव घालून नवऱ्याचे पाच तुकडे केले होते, ओतकामाला पाठवायला सोपं जावं म्हणून. “आदी सांगायचं ना बे कुनाकडून तरी,” आश्रुबा म्हणाला, मग मुनीम आहे हे ध्यानात येऊन जीभ चावली, “म्हंजी, तुमी निरोप धाडायचा व्हता.” रामहरी तुकड्यांकडं बघत उभा राहिला. एका तुकड्यावर त्याच्याच हातानं रंगवलेला पेढीचा आकडा होता.

मग तो बार्शीला गेला. पेढीतून नव्हे, स्वतःच्या गाठीचे पैसे घेऊन. हाली रुपयांचे इंग्रजी कलदार करताना बट्टा गेला. तिथं व्यापाऱ्याकडं तयार नवरा नव्हता, सोलापुराहून यायचा होता. रामहरी धर्मशाळेत सहा दिवस राहिला. रोज उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसे. तीस वर्षांत त्यानं इतके दिवस वहीशिवाय काढले नव्हते. घर सोडल्यापासून दहाव्या दिवशी नवरा आला. बार्शीच्या छोट्या आगगाडीनं पुढचा टप्पा, मग भाड्याची बैलगाडी, घाट, आणि चौदाव्या दिवशी दुपारी तो बायनाबाईच्या विहिरीवर पोचला.

उसाच्या रानात जनावरं चरत होती. म्हाळूचीही आणि तिचीही. गुऱ्हाळाच्या जागी चुलाण होतं, राख होती, आणि चरक उभा होता तिथं जमिनीत फक्त चार खड्डे. रामहरीनं गाडीवाल्याला थांबायला सांगितलं.

बायनाबाई गोठ्यातून बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, गाडीतला नवरा पाहिला. “या मुनीमजी, बसा,” म्हणाली आणि घोंगडी टाकली. तांब्याभर पाणी दिलं. “चरक इकला. आश्रुबा आलता, वजनावर न्हेला. म्हाळूभाऊजींचं नुसकान झालं ना, त्येंना थोडं द्यावं लागलं.”

“बाई,” रामहरी म्हणाला, “मी नवरा आणलाय.”

“दिसला मला.” ती जरा हसली. “कावून इतकं दमलात? गावात लोक म्हनले, पेढीनं फशिवलं. म्हाळूभाऊजी तर चावडीवर बोलले, बेलभंडारा खोटा निगाला. मी म्हनलं, आसं बोलू नगा. मुनीमजीची नजर आता म्हातारी झाली, दुसऱ्या कुनाची टिकली माझ्या वळीवर पडली आसंल. चूक झाली आसंल, पर खोटं करायचं मानूस न्हाई ते. चावडीवर मी सोता सांगितलं. कुनी बोललं न्हाई मग.”

इथं रामहरीनं गप्प बसायचं होतं. नवरा ठेवायचा, नमस्कार करायचा, परत फिरायचं. पण चौदा दिवस त्याच्या छातीवर एक ओझं होतं, आणि ते उतरवायची त्याला घाई झाली होती. अगदी तशीच घाई, जशी दिवाळीला खातं बंद करायची झाली होती.

“चूक नव्हती,” तो म्हणाला. “टिकली मीच लावली. लक्ष्मीपूजनाला. दोनच आहेत हे माहीत होतं मला. वही पूर्ण दिसावी म्हणून लावली.”

बायनाबाई उभीच होती, ती खाली बसली.  शेजारच्या रानात म्हाळूचा बैल उसाचं वाढं ओढत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. रामहरीचं ओझं उतरलं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं तेव्हा त्याला दिसलं, की ते आता तिच्या तोंडावर जाऊन बसलं होतं.

“मुनीमजी,” ती म्हणाली, “मग मी लोकांस्नी काय सांगू?”

 ती उठली, त्याच्यापुढचा तांब्या उचलून आत घेऊन गेली, आणि पुन्हा बाहेर आली नाही. गाडीवाल्यानं दोनदा हाक मारून विचारलं, नवरा उतरवायचा की परत न्यायचा.